जाऊन सांग

त्या पहाटे तिथे कॅमेरा नव्हता. त्यामुळे रेझांग लाच्या लढाईवरचा माहितीपट पाहायला बसले की पडद्यावर लढाई सोडून बाकी सगळे दिसते: उघडेबोडके करडे डोंगर, चुशूलचे पठार, एखादा नकाशा, त्यावर सरकणारे लाल बाण, आणि मग हरियाणातल्या कुठल्याशा अंगणात बसलेला एक वृद्ध माणूस, जो सांगता सांगता अचानक दोन्ही हात उचलतो आणि मांडीवर नसलेल्या मशीनगनचा पट्टा सारखा करू लागतो. मी असे दोन-तीन माहितीपट गेल्या वर्षभरात पाहिले, त्यांतले काही भाग पुन्हा पुन्हा पाहिले. बाण आणि नकाशे मला आज आठवत नाहीत. हात आठवतात. आवाज थकलेला असतो, तपशील मागेपुढे होतात, नावे अडकतात. पण हातांची हालचाल मात्र काल शिकल्यासारखी नेमकी असते.

चीनविरुद्धच्या युद्धात, १९६२ सालच्या १८ नोव्हेंबरला, रविवारी, लडाखमधल्या त्या खिंडीत १३ कुमाऊँ पलटणीची चार्ली कंपनी उभी होती. सुमारे १६,००० फूट उंची आणि साधारण १२० माणसे. त्यांतली बहुतेक सगळी अहीर, म्हणजे रेवाडी, गुडगाव, महेंद्रगड या सपाट, कोरड्या मुलखातली शेतकऱ्यांची मुले, ज्यांनी आदल्या वर्षीपर्यंत बर्फ पाहिलाही नसेल. त्यांचे कंपनीप्रमुख मेजर शैतान सिंग हे जोधपूरकडचे भाटी राजपूत. हातात मुख्यतः थ्री नॉट थ्री रायफली, ज्यांत प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे ओढावा लागतो, थोड्या लाइट मशीनगन आणि काही उखळी तोफा. चुशूलच्या बाजूला भारताच्या मोठ्या तोफा होत्या, विमानातून उतरवलेले रणगाडेही होते. पण खिंड आणि तोफा यांच्या मध्ये डोंगर आडवा येत असल्याने त्या तोफांचा मारा रेझांग लापर्यंत पोहोचू शकत नव्हता. म्हणजे लढाई सुरू होण्याआधीच या माणसांना ठाऊक होते की वेळ आली तर पाठीमागून कोणाचाही गोळा येणार नाही. ठाऊक असूनही ती माणसे तिथेच राहिली, आणि हे सांगताना बोलणाऱ्याच्या आवाजात अभिमानाचा लवलेशही नसतो. हवामानाविषयी बोलावे तसे ते बोलतात. तोफ नव्हती. पाणी गोठायचे. खंदक खणायला जमीन फुटत नव्हती.

पहाटे ओहोळांच्या वाटांनी चिनी सैनिक चढून येऊ लागले तेव्हा त्यांना जवळ येऊ देऊन मग गोळीबार सुरू झाला आणि पहिली लाट परतवली गेली, यावर सगळ्या कथनांचे एकमत आहे. त्यानंतर तोफगोळ्यांचा मारा झाला, हल्ला बाजूंनी आणि पाठीमागून आला, आणि इथून पुढे कथने एकमेकांपासून सुटी होऊ लागतात. तसे व्हायलाच हवे. प्रत्येक प्लाटून वेगळ्या उंचवट्यावर होती, मध्ये अंतर होते, संपर्क तुटला होता. ज्याने आपल्या खंदकासमोरचे ५० हात पाहिले त्याला शेजारच्या टेकडीवर काय चालले आहे हे दिसणे शक्यच नव्हते. आपण मात्र घरी बसून वरून पाहतो, बाणांसकट. लढाई वरून कोणीच पाहिलेली नसते ही साधी गोष्ट मला या म्हाताऱ्यांच्या बोलण्यातूनच उमगली.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवणारे कथन रामचंद्र यादव यांचे आहे. ते कंपनीचे रेडिओ ऑपरेटर होते आणि मेजरांच्या सोबत होते. मेजर शैतान सिंग एका मोर्चावरून दुसऱ्या मोर्चाकडे फिरत असताना आधी हाताला आणि मग पोटात गोळ्या लागून जबर जखमी झाले. रामचंद्र यांच्या सांगण्यानुसार त्यांनी मेजरांना स्वतःच्या अंगाशी बांधून घेतले, उतारावरून खाली आणले आणि एका खडकाच्या आडोशाला टेकवून ठेवले. मेजरांनी त्यांना निघून जायला सांगितले. पलटणीत जा आणि कंपनी कशी लढली ते सांग, असा त्या शेवटच्या बोलण्याचा आशय होता. परमवीर चक्राच्या सन्मानपत्रात आणि इतरांच्या तोंडी हाच प्रसंग थोडा वेगळा येतो. तिथे मेजरांना नेऊ पाहणारे एकाहून अधिक जण आहेत आणि स्वतःच्या जिवाला जपा म्हणून मेजर त्यांना सोडून जायला लावतात. कोण किती वेळ जवळ होते, कोणत्या क्रमाने काय झाले, याचा मेळ आता कोणी घालू शकणार नाही. मला तो घालण्याची गरजही वाटत नाही. त्या उतारावर वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे हात त्या देहाला लागले असणार, आणि प्रत्येकाला आपला स्पर्शच शेवटचा वाटला असणार.

पण जाऊन सांग, या दोन शब्दांपाशी मी थबकते. सैनिकाला हुकूम मिळतो तो चढण्याचा, थांबण्याचा, गोळी झाडण्याचा. इथे हुकूम सांगण्याचा आहे. आजूबाजूला सगळे पडलेले असताना एका माणसाला जिवंत राहण्याचे काम सोपवले गेले, आणि ते काम त्या दिवशीच्या इतर कोणत्याही कामाइतकेच अवघड होते, हे त्याला पलटणीत पोहोचल्यावर कळले.

कारण त्याच्यावर विश्वास बसला नाही. रामचंद्र यादव परतले, शत्रूच्या हाती सापडलेले आणि दोन्ही हातांना गोळ्या लागलेल्या अवस्थेत त्याच रात्री निसटलेले निहाल सिंग परतले, आणखी थोडे जखमी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके परतले. त्यांनी सांगितले की शेवटच्या गोळीपर्यंत कंपनी लढली, कोणी मोर्चा सोडला नाही, समोरच्यांचे ढीग पडले. ऐकणाऱ्यांना ते अशक्य वाटले. त्या महिन्यात सगळीकडून माघारीच्या, फाटाफुटीच्या बातम्या येत होत्या. पूर्वेकडे तर चौक्यांमागून चौक्या कोसळत होत्या. अशा वेळी कोणी येऊन सांगतो की आमच्यातला एकही जण हलला नाही, तर ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा की मग तू कसा आलास? हा प्रश्न वरिष्ठांनी विचारला आणि पुढे गावानेही विचारला. वाचलेल्या काही जणांना पळपुटे ठरवून गावात वाळीत टाकल्यासारखे वागवले गेले, हे त्यांनी पुढे अनेक वर्षांनी सांगितले आहे. माहितीपटात हा भाग सहसा दोन मिनिटांत उरकतात, मग पुन्हा बिगुल वाजू लागतो. मला वाटते की माहितीपट खरा सुरू व्हायला हवा तो इथून.

आता एक तारीख पाहा. २७ जानेवारी १९६३. दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये लताबाईंनी पंडित नेहरूंसमोर ते गाणे गायले, जे आपल्याकडे शाळेच्या प्रत्येक १५ ऑगस्टला लागते. चाल सी. रामचंद्रांची, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची. (एक रामचंद्र सांगत होता आणि त्याचे कोणी ऐकत नव्हते, दुसऱ्याने चाल लावली आणि देश रडला. योगायोगच, पण नजरेतून सुटत नाही.) नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आले, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. हे गाणे रेझांग लाच्या शूरांवरूनच सुचले असेही पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. मला ते मानायला जड जाते, कारण ज्या दिवशी ते स्टेडियम हुतात्म्यांसाठी स्तब्ध झाले होते त्या दिवशी चार्ली कंपनीची माणसे अजून खिंडीत बर्फाखाली होती, तशीच, जिथे पडली तिथे. त्यांना आणायला कोणी गेलेले नव्हते. आणि त्यांच्याविषयी जे सांगत होते त्यांच्याकडे संशयाने पाहिले जात होते. मी ते गाणे आजही ऐकते, डोळ्यांत पाणीही येते. पण आता प्रत्येक वेळी ही दोन दृश्ये एकमेकांशेजारी उभी राहतात.

फेब्रुवारी महिन्यात एक मेंढपाळ त्या बाजूला गेला आणि त्याला ती माणसे दिसली. मग सैन्याची तुकडी वर गेली. तिला जे दिसले त्याचे वर्णन इतक्या ठिकाणी आले आहे की ते आता जवळजवळ पाठ झाल्यासारखे वाटते, तरी मी त्यातल्या दोनच गोष्टी लिहिते. पहिली गोष्ट उखळी तोफांच्या जागेची: तिथे असलेल्या १,००० गोळ्यांपैकी फक्त ७ शिल्लक होते, बाकी सगळे डागून झाले होते. दुसरी गोष्ट धर्मपाल दहिया या नर्सिंग असिस्टंटची. हा माणूस लढायला नव्हता, मलमपट्टीला होता. तो सापडला तेव्हा त्याच्या एका हातात मॉर्फिनची सिरिंज होती आणि दुसऱ्या हातात बँडेज. थंडीने बोटे जशी मिटली होती तशीच ठेवली होती. तीन महिने त्या हातांनी ती दोन सामाने धरून ठेवली होती, जणू कोणी तपासणीला येईपर्यंत खाली ठेवायची नाहीत असे ठरले होते.

मेजर शैतान सिंग रामचंद्र यांनी सांगितलेल्या ठिकाणीच, खडकाशी सापडले.

म्हणजे जिवंत माणसांनी नोव्हेंबरात जे सांगितले ते फेब्रुवारीत मेलेल्यांनी खरे ठरवले. मोर्चात असलेला माणूस मोर्चात होता. मशीनगनशी असलेला मशीनगनशी होता. एवढे झाल्यावर मग सगळ्यांचा विश्वास बसला. मेजरांना परमवीर चक्र मिळाले, पार्थिव जोधपूरला नेण्यात आले, आणि बाकीच्यांवर तिथेच, चुशूलच्या बाजूला लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार झाले. स्मारकावर ११४ नावे आहेत. पण मनात एक विचार येऊन जातो. समजा त्या हिवाळ्यात मेंढपाळ तिकडे फिरकला नसता, समजा उन्हाळ्यात बर्फ वितळून सगळे ओढ्याला लागले असते, तर? मग साक्षीदार तेच असते, त्यांचे बोलणेही शब्दशः तेच असते, आणि ती माणसे आयुष्यभर खोटारडी ठरली असती. सत्य बर्फात टिकले हा केवळ हवामानाचा उपकार.

समोरच्यांचे किती मेले, यावरून मात्र अजून वाद चालतो. आपल्याकडे सांगितले जाणारे आकडे शेकड्यांपासून हजारापुढे जातात, आणि चीनकडून सांगितला जाणारा आकडा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. माहितीपटवाल्यांना आकड्याचा मोह अनावर होतो. मुलाखत घेणारा पुन्हा पुन्हा विचारतो, किती मारले असतील? आणि समोरचा म्हातारा प्रश्नकर्त्याचा मान राखून एखादा आकडा सांगून टाकतो. मी तो भाग दर वेळी पुढे ढकलते. रायफलीचा बोल्ट ओढत असलेला माणूस मोजत नसतो. त्याला विचारायचे असेल तर हातमोजे होते का हे विचारावे, बोल्ट गोठत होता का, शेजारच्याचे नाव काय, तो शेवटचे काय बोलला हे विचारावे. तिथे त्याची साक्ष पक्की आहे.

पक्की म्हणजे किती, हेही सांगायला हवे, नाहीतर मी उगाच भाबडेपणा करत आहे असे व्हायचे. एका कथनात मेजरांच्या मनगटावरच्या घड्याळाचा उल्लेख येतो: ते नाडीच्या ठोक्यावर चालणारे घड्याळ होते, सव्वाआठ वाजता ते थांबले आणि त्यावरून मेजर गेल्याचे कळले. नाडीवर चालणारे घड्याळ नसते. त्या काळी हाताच्या हालचालीने आपोआप किल्ली बसणारी घड्याळे मात्र होती, आणि ती हात निश्चल झाला तरी कित्येक तास चालत राहतात. तेव्हा हा तपशील तंत्राच्या कसोटीला उतरत नाही. पण मी त्याला खोटे म्हणणार नाही. ज्याने जखमी माणसाचा हात हातात धरून ठेवला होता, त्याच्या बोटांखाली एकाच जागी नाडी आणि घड्याळ दोन्ही होते. ५० वर्षांत ते एकमेकांत मिसळले. एवढीच ती चूक. माहितीपट करणाऱ्याने तिथे कापायला नको आणि खाली खुलाशाची पट्टीही नको. ऐकणाऱ्याला कळते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. लढाईला ५० वर्षे झाली तेव्हा, २०१२च्या सुमारास, या माणसांकडे कॅमेरे आले आणि मग येतच राहिले. तीच गोष्ट दहा वेळा सांगितली की तिला कडा येतात. कोठे थांबायचे, कोठे आवाज चढवायचा, कोणत्या वाक्यावर समोरच्याचे डोळे भरतात हे सांगणाऱ्याला नकळत कळू लागते. पुढच्या मुलाखतीत तेच वाक्य, तोच विराम. मी दोन वेगळ्या चित्रफिती शेजारीशेजारी लावून पाहिल्या तेव्हा हे लख्ख जाणवले, आणि प्रामाणिकपणे सांगते, थोडा विरसही झाला. पण मग वाटले की यात दोष त्यांचा कसा? ज्याला सुरुवातीला कोणीच ऐकले नाही, त्याने आपले म्हणणे घासूनपुसून, एकही फट न ठेवता मांडायला शिकणे हे साहजिकच आहे. आरोपीही तसेच करतो.

सरकारी कागदांचे पाहावे तर २१ नोव्हेंबरला, म्हणजे रेझांग लानंतर तिसऱ्या दिवशी, चीनने एकतर्फी युद्धबंदी केली, आणि त्याच दिवशी यशवंतराव चव्हाण देशाचे संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य आमच्या कराड भागात अजूनही लग्नाच्या पंगतीत ऐकायला मिळते. त्यांच्या कारकिर्दीत पराभवाच्या कारणांचा शोध घेणारा हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांचा अहवाल आला, आणि सरकारने तो आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही. कागद कुलुपात आणि आठवणी अंगणात, अशी ही विभागणी झाली आहे. त्यामुळे या माहितीपटांवर जो भार पडतो तो त्यांना पेलण्यासारखा नाही. जे प्रश्न दप्तराला विचारायचे ते आपण म्हाताऱ्या शिपायाला विचारत बसतो.

२०२१ साली रेझांग लाचे स्मारक नव्याने बांधून झाले तेव्हाचे एक दृश्य पुष्कळांनी पाहिले असेल. १३ कुमाऊँमध्ये तेव्हा तरुण अधिकारी असलेले ब्रिगेडियर जटार चाकांच्या खुर्चीत बसले आहेत आणि संरक्षणमंत्री स्वतः ती खुर्ची ढकलत आहेत. नाव वाचून मला उगाचच घरातल्या कोणाचा सत्कार झाल्यासारखे वाटले. आपली माणसे कुठे कुठे जाऊन पोहोचलेली असतात.

आता आमच्या घरातले. माझे चुलते, ज्यांना आम्ही सगळे आण्णा म्हणतो, सैन्यात होते आणि १९७१ साली पूर्व सीमेवर होते. ते त्याविषयी कधी बोलत नसत. फार तर बुटांविषयी बोलत, कारण बूट ओले राहिल्याने त्यांच्या पायाच्या दोन बोटांना कायमचे काहीतरी झाले होते. हे माहितीपट पाहिल्यावर मला उत्साह आला. गावी गेले, दुपारी जेवणे झाल्यावर फोनचे रेकॉर्डिंग सुरू केले आणि आण्णांना म्हटले, तुम्ही सांगा, मी नुसती ऐकते. बराच वेळ गेल्यावर त्यांनी सुरुवात केली. भाताची कापणी व्हायची होती, शेतांत चिखल होता, रात्री ते बांधाबांधाने पुढे गेले, आणि नोव्हेंबरच्या शेवटी शेवटी त्यांच्या पुढचा एक जण पडला. त्यांचा उजवा हात हवेत पुढे झाला, कोणाच्या तरी पाठीवर ठेवल्यासारखा. आणि तेव्हा मी म्हणाले, "आण्णा, नोव्हेंबर नसेल. लढाई ३ डिसेंबरला सुरू झाली."

रेकॉर्डिंगमध्ये यापुढे पंख्याचा आवाज आहे. मग पेला जमिनीवर ठेवल्याचा. मग आण्णा म्हणतात, "आसंल बाई. तुमी शिकलेली मान्सं."

ते तिथेच थांबले. मी पुण्याला परत आल्यावर पुस्तके काढून बसले तेव्हा दिसले की युद्ध अधिकृतपणे ३ डिसेंबरला सुरू झाले हे खरे. पण पूर्व सीमेवर गरीबपूरची चकमक २०-२१ नोव्हेंबरला झाली आणि हिलीची लढाईही नोव्हेंबरातच पेटली. आपल्या फौजा त्याआधीच सीमेपलीकडे उतरलेल्या होत्या. आण्णा बरोबर होते. त्या माणसाने ५० वर्षे तारीख नीट सांभाळली होती आणि मी ती पाठ्यपुस्तकाच्या जोरावर खोडून काढली होती.

दिवाळीत गेले तेव्हा त्यांना हे सांगितले, माफीही मागितली. त्यांनी मान हलवली. "मग मी काय म्हनत हुतो?" एवढेच म्हणाले. त्यानंतर मी दोनदा विषय काढून पाहिला. दोन्ही वेळा त्यांनी उसाला तोड कधी मिळते याची चौकशी सुरू केली, आणि तो उजवा हात गुडघ्यावर उताणा ठेवून ते ओसरीतून रस्त्याकडे पाहत राहिले.